छोट्या पातेल्यातलं मॅश आणि सोलापुरी चादर

धान्यापासून बिअर करण्यातली निम्मी करामत मॅशमध्ये, म्हणजे माल्ट गरम पाण्यात मुरवण्यात असते. भरडलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) ६५ ते ६७ अंशांवर तासभर टिकलं पाहिजे, आणि ते घरच्या शेगडीवरही जमतं. ५ लिटरच्या पातेल्यात ३ लिटर पाणी ७२ अंशांपर्यंत तापवून गॅस बंद करा. मलमलच्या पिशवीत १ किलो जवाचं माल्ट सोडा, गुठळ्या फोडा. पातेलं खाली उतरवून झाकण लावा आणि जुनी सोलापुरी चादर चौपदरी गुंडाळा. मंद गॅसवर ठेवायचा मोह टाळा; तळ तापून स्टार्चची साखर करणारे एन्झाइम निकामी होतात.

तासाभराने पांढऱ्या बशीत रसाचा थेंब घेऊन त्यात आयोडीन टाका. निळा-काळा झाला तर स्टार्च शिल्लक आहे, आणखी पंधरा मिनिटं थांबा. बशीतला रस फेकून द्या. मग पिशवी चाळणीवर ठेवून दीड लिटर गरम पाणी ओता.

मालदांडी घरात असली तरी मोड आणून वापरू नका. ज्वारीच्या कोंबांतून सायनाइड तयार होतं.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवता येत नाही. म्हणून मी यीस्ट घालत नाही. रस उकळून, आलं-लिंबू घालून, गार करून त्याच दिवशी पितो.