परदेशात राहून जवळच्यांची लग्नं गाठायची तर

लग्न ठरल्याचा फोन आला की आपण आधी तारीख विचारतो. त्याच फोनवर आणखी एक गोष्ट विचारून घ्या: घरात कामाची गडबड कोणत्या दिवसापासून सुरू होणार? कारण मोजून मिळणारी सुट्टी लग्नाच्या आधी खर्च करायची, नंतर नाही, हे माझं ठाम मत आहे. मी परदेशात नर्स आहे. आमच्या वॉर्डात ड्युटीचा तक्ता लागला की त्यातला एक दिवस इकडचा तिकडे करायलाही चार जणींची मनधरणी करावी लागते. त्यामुळे हाती आलेला प्रत्येक दिवस कुठे घालायचा, याचा मी बराच विचार केला आहे.

लग्नाच्या दिवशी नवरा-नवरी सगळ्यांची असतात. तुम्ही हजारो मैल ओलांडून आलेल्या असलात तरी वाट्याला एक मिठी, एक फोटो आणि ‘आलीस ना, बरं वाटलं’ एवढंच येतं. दुसऱ्या दिवशी घर थकून झोपलेलं असतं, पाहुणे बॅगा भरत असतात. आधीच्या दिवसांत मात्र सगळे जागे असतात, हातांची गरज असते आणि काम करता करता बोलणं होतं. मावसबहिणीच्या लग्नाच्या आधी एका रात्री आम्ही दोघी जमिनीवर पाहुण्यांची यादी पसरून कोणाला कुठली खोली द्यायची ते लिहीत होतो. ती नावं वाचायची, मी चिठ्ठ्या करायची. एका नावाशी ती अडखळली. तिच्या वडिलांचे जुने मित्र. ‘बाबा असते तर यांना आणायला स्वतः गेले असते गं,’ म्हणाली आणि पेन खाली ठेवलं. काका गेले तेव्हा मला येता आलं नव्हतं. त्यांच्याबद्दल आम्ही समोरासमोर बसून बोललो ते त्या रात्री, पहिल्यांदाच. मी लग्नाच्या सकाळी उतरले असते तर हे बोलणं राहूनच गेलं असतं.

आठ दिवसांची सुट्टी असेल तर पाच दिवस आधी पोहोचा आणि लग्नाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निघा. पोहोचण्याआधीच एखादं काम मागून घ्या: पाहुण्यांच्या येण्याच्या वेळा सांभाळणं, म्हाताऱ्या माणसांजवळ बसणं, त्यांची औषधं वेळेवर देणं. ‘काही लागलं तर सांग’ असं म्हटलं की कोणीच काही सांगत नाही.

सगळ्या लग्नांना जाणं कोणालाच जमत नाही. ज्याच्या घरी मी न कळवता जाऊ शकते, त्याच्या लग्नाला जायचं, असं मी ठरवलं आहे. मग ते सख्खं नातं असो की वर्गमैत्रीण. बाकीच्यांना नाही म्हणायचं, पण लवकर आणि फोनवर, आवाज ऐकू येईल असं. ‘बघते, जमलं तर येते’ हे उत्तर ऐकायला गोड असलं तरी देऊ नये. समोरचा माणूस तुमच्यासाठी खोली धरून ठेवतो, घरातली मोठी माणसं आशेवर राहतात आणि शेवटच्या आठवड्यातला नकार पहिल्या दिवसाच्या नकारापेक्षा कितीतरी जास्त लागतो.

तारीख पक्की व्हायची असेल आणि नातं तितकं जवळचं असेल, तर तुम्हाला अजिबात न जमणारे आठवडे आधीच सांगून ठेवा. आपल्यासाठी तारीख बदला म्हणू नये. फक्त माहिती द्यावी, निर्णय त्यांचा.

कागदपत्रं तिकिटाच्या आधी बघायची. पासपोर्टची मुदत निव्वळ शिल्लक असून भागत नाही. बरेच देश प्रवासाच्या तारखेपुढे सहा महिन्यांची मुदत मागतात आणि ती कमी पडली तर विमान कंपनी चेक-इनलाच थांबवते. तुम्ही राहता त्या देशात परत शिरायची परवानगी हा त्याहून मोठा प्रश्न. व्हिसा एकदाच प्रवेश देणारा आहे की अनेकदा, हे वाचा. नूतनीकरणाचा अर्ज विचाराधीन असेल तर पूर्वपरवानगी न घेता देश सोडू नका, कारण काही देशांत तसं केल्यास अर्ज मागे घेतला असं धरतात. लग्नघरी बसून हे कळलं तर नोकरीच टांगणीला लागते. वाटेत विमान बदलणार असाल तर तिथे ट्रान्झिट व्हिसा लागतो का, तेही तुमच्या पासपोर्टनुसार तपासा. एकाच विमानातल्या दोन मित्रांसाठी उत्तर वेगळं असू शकतं.

बहुतेक मोठ्या विमान कंपन्या साधारण अकरा महिने आधी तिकिटं विकायला काढतात. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगवेगळी बुकिंग जोडू नका, निदान जातानाच्या प्रवासात तरी. एका बुकिंगमध्ये पहिलं विमान उशिरा आलं आणि पुढचं चुकलं, तर पुढे पोहोचवायची जबाबदारी कंपनीची असते. वेगळ्या बुकिंगमध्ये दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. आणखी एक, पहिला टप्पा सोडून मधल्या शहरातून विमानात बसायचा विचार करू नका. पहिला टप्पा चुकवला की त्या तिकिटावरचे पुढचे टप्पे, परतीसकट, सहसा रद्द होतात.

सामानाच्या बाबतीत माझा एकच नियम आहे आणि तो मी कधीही मोडत नाही: लग्नात घालायचे कपडे, दागिने, औषधं आणि नवरा-नवरीसाठीची भेट हातातल्या बॅगेत. माझ्या मैत्रिणीची बॅग एकदा वाटेतल्या विमानतळावरच राहिली आणि लग्न होऊन गेल्यावर घरी आली. ती उसने कपडे घालून उभी राहिली. फोटोत ते कोणाला कळत नाही, पण तिला आजही फोटो बघवत नाहीत. बॅग आली नाही तर सामानाच्या पट्ट्यापासून बाहेर पडण्याआधीच काउंटरवर लेखी तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक घ्या आणि गरजेपुरत्या खरेदीच्या पावत्या जपून ठेवा. 1999 च्या माँट्रियल करारानुसार सामान मोडलं-फाटलं असेल तर ते मिळाल्यापासून 7 दिवसांत आणि उशिरा आलं तर मिळाल्यापासून 21 दिवसांत कंपनीकडे लेखी दावा करावा लागतो. लग्नाच्या गडबडीत हे दिवस कसे सरतात ते कळत नाही, म्हणून घरातल्या एखाद्या शांत माणसाला आठवण करायला सांगून ठेवा. पॉवर बँक मात्र चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, तीही हातातल्या बॅगेतच.

कपडे तिकडेच शिवायला टाकणार असाल तर मापं पाठवा, पण एकदा अंगावर घालून बघायला आणि उसवून परत शिवायला दोन दिवस हातात ठेवा. लवकर पोहोचायचं हेही एक कारण.

झोपेचं गणित रात्रपाळ्या करणाऱ्या माझ्यासारखीलाही सोपं जात नाही. शरीर नव्या वेळेला रुळायला ढोबळमानाने दर तासाच्या फरकामागे एक दिवस घेतं आणि पूर्वेकडे जाताना त्रास जास्त होतो, कारण आपलं आतलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालतं. त्याला उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जड जातं. पूर्वेकडे जाणार असाल तर निघायच्या तीन-चार दिवस आधीपासून रोज तासभर लवकर झोपा आणि लवकर उठा. पोहोचल्यावर दुपारी झोप अनावर झालीच तर गजर लावून अर्धा तास पडा. बसल्या जागी डुलक्या घेत राहिलात तर कामही होत नाही आणि रात्रही जाते.

जाता आलं नाही तर व्हिडिओवर हजर राहा, पण त्याचीही तयारी लागते. फोन धरायचं काम एकाच माणसाकडे द्या आणि तो माणूस घरचा नको. घरच्यांना फोटोंसाठी, पाहुण्यांसाठी सारखी बोलावणी येतात आणि मग आपल्याला तासभर कोणाच्या तरी खिशाचं अस्तर दिसत राहतं. नवऱ्या मुलाचा कॉलेजचा मित्र, शेजारचा मोठा मुलगा असा कोणी शोधा. आदल्या दिवशी त्याच हॉलमधून पाच मिनिटांचा कॉल करून नेट आणि आवाज तपासा. फोन स्टँडवर, चार्जर लावलेला आणि शक्यतो माइकजवळ. चित्र अडखळलं तरी चालतं, पण आवाज गेला की आपण तिथे नसतो.

वेळेचा फरक त्या तारखेचा बघा, आजचा नाही. युरोपीय संघात घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, आणि कित्येक देशांत ती बदलतच नाहीत. या दिवसांच्या आसपासचं लग्न असेल तर तासाभराने चुकामूक होऊ शकते, आणि मुख्य विधी कधीकधी तेवढ्या वेळात आटोपतो.

कॉलवर असताना नीट कपडे घाला, केस विंचरा, शेजारी कोणी असेल तर त्यालाही बसवा. तिकडे कोणीतरी फोन आजीसमोर नेतं, तेव्हा तिला तुम्ही लग्नाला आल्यासारख्या दिसायला हव्यात. त्या दिवशी नवऱ्या मुलीला बोलण्यासाठी थांबवू नका. आठ-दहा दिवसांनी, पाहुणे गेल्यावर, तिला निवांत वेळ विचारून फोन करा आणि कोण कोण आलं होतं, कोण रुसलं, कोण रडलं ते तिच्याच तोंडून ऐका. तोवर तिलाही ते सगळं सांगायला कोणीतरी हवंच असतं.