महोगनीचे टेनर युकुलेले: मराठवाड्याच्या हवेत या चुका टाळा

मे महिन्यातल्या एका दुपारी परभणीतल्या घरी मी माझे युकुलेले, म्हणजे गिटारसारखे चार तारांचे छोटे वाद्य, पिशवीतून काढले, आणि मान हातात धरताच बोटाला काहीतरी खरखरीत लागले. फिंगरबोर्डच्या, म्हणजे बोटांनी तारा दाबायच्या पट्टीच्या, कडेवरून बोट फिरवले तेव्हा प्रत्येक फ्रेटचे, म्हणजे तिच्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीचे, टोक करवतीच्या बारीक दातासारखे बाहेर आलेले जाणवले. तीच कड फेब्रुवारीत वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होती. फ्रेटचा धातू वाढलेला नव्हता. कोरड्या हवेने लाकूड आक्रसले होते. तेव्हापासून आवाजाची तक्रार घेऊन कोणी आले की वाद्य घरात कुठे ठेवलेले असते, हे मी आधी विचारतो.

तरीही लोक पहिला दोष लाकडालाच देतात. "महोगनी दबकी वाजते" हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे, आणि ते बहुधा सोप्रानोच्या, म्हणजे लहान आकाराच्या युकुलेलेच्या, टणत्काराची सवय झालेल्या कानाचे असते. त्याहून मोठ्या टेनरची स्वरलांबी, म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी, साधारण 17 इंच, म्हणजे 43 सेंटिमीटर असते, तर सोप्रानोची 13 इंचांच्या आसपास. लांब तार आणि मोठी पेटी यांमुळे टेनरचा स्वर भरीव होतो, आणि महोगनी त्यातल्या चकाकीपेक्षा मधल्या सप्तकाचा गोलसर, उबदार भाग पुढे आणते. स्प्रूस या लाकडाच्या तबकडीसारखा (तबकडी म्हणजे पेटीची वरची पातळ फळी) धारदार आवाज तिच्याकडून मागू नये. मार्टिन या अमेरिकन गिटार कंपनीने 1916 च्या सुमारास युकुलेले बाजारात आणले ते महोगनीचेच होते, आणि गाण्याच्या साथीला हा स्वर आजही शोभतो, कारण तो गळ्यावर चढत नाही. शिवाय आवाज पेटीतून समोर जातो, वाजवणाऱ्याकडे कमी येतो. म्हणून निर्णय देण्यापूर्वी भिंतीपासून हातभर अंतरावर, भिंतीकडे तोंड करून बसावे आणि वाजवून पाहावे. पुष्कळांचे मत तिथेच बदलते.

दुसरी घाई तारांच्या बाबतीत होते. नायलॉनच्या किंवा फ्लोरोकार्बनच्या नव्या तारा पहिले काही दिवस, कधी आठवडाभरही, ताणत राहतात आणि सूर उतरतो. त्यात खुंट्यांचा दोष नसतो. रोज दोन-तीन वेळा सूर लावत राहावे. मात्र आवाज मोठा व्हावा म्हणून गिटारच्या पोलादी तारा कधीही चढवू नयेत, कारण त्यांचा ताण युकुलेलेच्या हलक्या पेटीला पेलत नाही. घोडी, म्हणजे तारा अडकवलेला तबकडीवरचा तुकडा, उखडते किंवा तबकडी फुगते. टेनरवर खालचा जी, म्हणजे चौथ्या तारेचा नेहमीपेक्षा एक सप्तक खालचा स्वर, हवा असेल, तर त्यासाठीच बनवलेली जाड तार घ्यावी. वरच्या जीची बारीक तार सैल करून तो स्वर मिळत नाही, नुसती फडफड मिळते. जाड तार नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाकडच्या खाचा असलेल्या पट्टीच्या, अरुंद खाचेत अडकली की सूर लावताना "टक्" असा आवाज येतो आणि स्वर एकदम उडी मारतो; अशी खाच जाणकाराकडून रुंद करून घ्यावी, घरच्या कानशीने नाही.

आता सर्वांत महाग पडणारी चूक. तंबोऱ्यावर आपण जवारी मुद्दाम काढतो, पण युकुलेलेवर तशी झणझण ऐकू आली की काहीतरी बिघडलेले असते. पावसाळ्यात अखंड लाकडाची तबकडी ओलावा शोषून किंचित फुगते, तारा वर उचलल्या जातात, बोटे दुखतात आणि जोरात दाबल्याने स्वर चढे लागतात. मग कोणी उत्साहाने सॅडल, म्हणजे घोडीवरची तारा टेकणारी पट्टी, घासून तारा खाली आणतो. पुढच्या एप्रिलमध्ये हवा कोरडी पडते, तबकडी बसते, तारा आणखी खाली येतात आणि फ्रेटवर आपटू लागतात. घासलेले सॅडल मात्र परत वाढत नाही. म्हणून बाराव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांतले अंतर आधी मोजावे. ते अडीच ते तीन मिलिमीटर असेल, तर सॅडलला हात लावू नये.

आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर बहुतेक तक्रारी उद्भवतच नाहीत. आपल्या उन्हाळ्यात ती याच्या फार खाली जाते, आणि त्यावर घरोघरचा उपाय म्हणजे कूलर. वाद्य कूलरच्या झोतासमोर ठेवणे हा मात्र उपाय नव्हे, कारण कूलर चालू असताना दमट आणि वीज गेली की कोरडी, अशी हवा दिवसातून चार वेळा बदलते आणि लाकूड त्या हेलकाव्यांनीच तडकते. वाद्य बंद केसमध्ये ठेवावे. झाकणाला भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत पिळून घेतलेला स्पंज घालून ती सोबत ठेवावी आणि आत छोटा आर्द्रतामापक असावा. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर टांगणे आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवणे, दोन्ही टाळावे, कारण उष्णतेने घोडीखालचा गोंद मऊ पडतो.

ज्यांच्याकडून एवढी निगा होणार नाही, त्यांनी प्लायचे वाद्य घ्यावे, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. ओळखण्यासाठी ध्वनिछिद्राची कड पाहावी: वरचे तंतू कडेवरून सलग आत उतरत असतील तर लाकूड अखंड, आणि पातळ थर दिसत असतील तर प्लाय. आपल्याकडे बांधावर महोगनी लावणारे शेतकरी आता दिसतात, तरी दुकानातले तांबूस लाकूड प्रत्येक वेळी महोगनीच असेल असे नाही. सॅपेली आणि ओकुमेही त्याच नावाखाली विकले जातात.

महोगनीची छिद्रे उघडी असतात, आणि मॅट फिनिशवर बोट फिरवले की ती कळतात. त्यांत फर्निचर पॉलिश गेले की पांढुरके ठिपके बसतात, ते सहज निघत नाहीत. कोरडे मऊ फडके पुरे.

बाहेर आलेले फ्रेट लगेच घासायला घेऊ नयेत. मी वाद्य तीन आठवडे स्पंजच्या डबीसह केसमध्ये बंद ठेवले. बहुतेक टोके आपोआप आत गेली, आणि उरलेली चार मी जुलैमध्ये कारागिराकडून घासून घेतली.