लोकांच्या विज्ञानविषयक प्रश्नांना उत्तरे देताना या चुका टाळा

28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त अनेक शाळा, महाविद्यालये आणि संशोधन संस्था आपली दारे सर्वांसाठी उघडतात, तेव्हा टेबलावर मांडलेल्या प्रयोगाइतकेच त्यामागे उभ्या असलेल्या स्वयंसेवकालाही महत्त्व येते, कारण लोक त्याच्याजवळ घरून आणलेले प्रश्न काढतात. माठातले पाणी गार का होते, पुरी का फुगते, गडगडाट विजेनंतर का ऐकू येतो, असे ते प्रश्न असतात. उत्तर देणाऱ्याला विषय बहुधा येत असतो, तरीही उत्तर फसते, आणि त्यामागची कारणे बरीचशी ठरलेली आहेत.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे संज्ञा सांगून थांबणे. माठाच्या प्रश्नाला 'बाष्पीभवनामुळे' एवढेच उत्तर दिले की विचारणारा मान हलवतो आणि पुढच्या टेबलाकडे जातो, पण त्याच्या हाती काहीच लागलेले नसते. माठ सच्छिद्र असतो, आतले पाणी झिरपून बाहेरच्या पृष्ठभागावर येते, तिथे त्याची वाफ होते आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता माठातून व उरलेल्या पाण्यातून घेतली जाते, इतकी साखळी पूर्ण सांगितली पाहिजे. शक्य असेल तर एक आकडाही द्यावा. बाहेरून येणारी उष्णता बाजूला ठेवली, तर दहा लिटर पाणी दहा अंशांनी गार व्हायला साधारण पावणेदोनशे ग्रॅम पाण्याची वाफ पुरते.

साखळी समजली की नाही हे तपासण्याचा मार्ग 'कळले का?' असे विचारणे हा नाही, कारण त्याला सगळेच होकार देतात. त्याऐवजी पुढचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावा: मग हाच माठ मे महिन्यात नागपूरला जास्त गार करील की रत्नागिरीला? ज्याला कारण कळले आहे, तो कोरड्या आणि दमट हवेतला फरक स्वतःच मांडू लागतो. 'आमचा जुना माठ आता गार करत नाही' अशी तक्रार कोणी केली, तर पाण्यातील क्षारांमुळे छिद्रे बुजली असावीत, हेही त्याच साखळीतून सांगता येते.

दुसरी चूक अधिक दुखावणारी आहे. समोरच्याने सांगितलेले निरीक्षण चुकीचे ठरवण्याची घाई आपल्याला होते. गार पाण्याच्या स्टीलच्या पेल्याला बाहेरून थेंब आलेले पाहून एखादे मूल म्हणते की पेला गळतो आहे, आणि आसपासचे मोठे लोक हसतात. वास्तविक त्या मुलाने माठ बाहेरून ओला झालेला पाहिलेला असतो, आणि तिथे पाणी खरोखरच आतून आलेले असते, त्यामुळे त्याचा तर्क अगदी योग्य जागेवरून निघालेला आहे. अशा वेळी पेल्यात पाण्याऐवजी थंड कोकम सरबत ओतून बाहेरचे थेंब पुसून पाहायला सांगावेत. ते लालही नसतात आणि आंबटही नसतात. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा असेल तर आणखी चांगले, कारण थेंब जमत असताना पेल्याचे वजन किंचित वाढते आणि झिरपणाऱ्या माठाचे वजन मात्र कमी होत जाते. एकाचा ओलावा हवेतून आलेला, दुसऱ्याचा आतून आलेला, हा भेद त्या मुलाला कोणी सांगावा लागत नाही. प्रदर्शनातल्या महागड्या उपकरणांपेक्षा हा पेला मला अधिक मोलाचा वाटतो.

दुसऱ्या प्रदेशाचे उत्तर आपल्याकडे जसेच्या तसे देणे, ही जाणकारांकडूनही होणारी चूक आहे. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ येते हे खरे नाही, हे आता पुष्कळांना माहीत आहे. ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे आपल्या थंडीत. पण ही समजूत दुरुस्त करताना '21 जूनच्या सुमारास सूर्य आकाशात सर्वांत उंच असतो आणि त्यामुळे उन्हाळा येतो' असे जे सांगितले जाते, ते कर्कवृत्ताच्या उत्तरेकडच्या देशांसाठी ठीक आहे. संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे इथे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर माथ्यावर येतो, पुण्यात एकदा मेच्या मध्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस, आणि दुसऱ्या वेळी आकाश पावसाळी ढगांनी झाकलेले असते. म्हणून आपला कडक उन्हाळा एप्रिल-मेमध्ये येतो आणि जून सरताना हवा निवते.

शून्य सावलीचा प्रयोग दाखवताना याच प्रकारची गफलत होते. काठी उभी करून घड्याळात बारा वाजता पाहिले तर सावली दिसते आणि जमलेली मुले हिरमुसतात. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावर आधारलेली आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला आहोत, त्यामुळे मेच्या मध्यात पुण्यात सूर्य माथ्यावर यायला साडेबारा वाजतात आणि मुंबईत आणखी चार-पाच मिनिटे लागतात.

उत्तर किती लांब असावे, याविषयी जयंत नारळीकरांची पद्धत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. स्वाक्षरी मागणाऱ्या विद्यार्थ्यांना ते पोस्टकार्डावर प्रश्न पाठवायला सांगत आणि स्वाक्षरीसह उत्तर कळवत. पोस्टकार्डावर मावेल एवढे उत्तर आधी द्यावे आणि बाकीचे समोरच्याने पुढे विचारले तर सांगावे.

ग्रहणाच्या प्रश्नांत वेगळी दक्षता लागते. ग्रहणात शिजवलेले अन्न बिघडते का, गरोदर स्त्रीने भाजी चिरू नये का, हे प्रश्न विचारणाऱ्या आजींना अंधश्रद्ध म्हणून वाटेला लावणे गैर आहेच, पण त्यांची भीती घालवण्याच्या उत्साहात 'ग्रहणात काहीच धोका नसतो' असे सरसकट म्हणणे त्याहून घातक आहे. अन्न जिवाणूंमुळे, तापमानामुळे आणि वेळ गेल्यामुळे बिघडते, ग्रहणाचा त्याच्याशी संबंध नाही. मात्र खंडग्रास सूर्यग्रहणाकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिल्यास दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते, आणि साधा गॉगल किंवा एक्स-रेची फिल्म ती टाळू शकत नाही. ही दोन्ही वाक्ये एकाच दमात सांगावीत.

शेवटची चूक सहसा पकडली जात नाही, कारण तिच्यात उत्तर बरोबर असते आणि फक्त कारण चुकलेले असते. विजा कडकडत असताना बंद मोटारीत बसलेला माणूस बराच सुरक्षित असतो, हे खरे आहे. पण 'टायर रबराचे असतात म्हणून' असे त्याचे कारण सांगितले जाते, ते साफ चुकीचे आहे. ढगापासून जमिनीपर्यंतची हवा भेदून आलेल्या विजेला काही सेंटिमीटर रबर अडवू शकत नाही. मोटारीचा धातूचा सांगाडा वीज बाहेरच्या बाहेर जमिनीकडे नेतो, त्यामुळे आतला माणूस वाचतो. टायरचे कारण मनात ठेवून घरी गेलेला शेतकरी मृगाच्या आधीच्या वळवात उघड्या ट्रॅक्टरवर किंवा मोटरसायकलवर निर्धास्त बसून राहील, किंवा पायांतल्या रबरी चपलांवर भरवसा ठेवील. म्हणून विजेचा प्रश्न आला की कृती आधी सांगावी आणि कारण नंतर: गडगडाट ऐकू येताच पक्क्या घरात किंवा पत्र्याचे छप्पर असलेल्या बंद मोटारीत जावे, झाडाखाली थांबू नये, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.