रेडिओ लहरींनी प्लाझ्मा करंट सुरू करताय? या चुका टाळा

सांगलीत एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या मुलांचे सेमिनार मी तपासते. टोकामॅक, म्हणजे अणुसंमीलनासाठी तापलेला प्लाझ्मा (आयनीभूत वायू) चुंबकीय क्षेत्राने धरून ठेवणारं कड्याच्या आकाराचं यंत्र, दरवर्षी कोणीतरी घेतंच. मधल्या सोलेनॉइडने (तारेच्या गुंडाळीने) प्लाझ्मात ट्रान्सफॉर्मरसारखा करंट निर्माण करायचा, इथवर सगळं बरोबर असतं. पण ईटर या फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय टोकामॅकमध्ये त्यासाठी मिळणारं विद्युत क्षेत्र मीटरला जेमतेम ०.३ व्होल्ट, म्हणून रेडिओ लहरींची मदत घ्यावी लागते. घोळ सुरू होतो तो तिथून.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्लाझ्मा पेटला की करंट आलाच, असं धरणं. गायरोट्रॉनच्या (शक्तिशाली मायक्रोवेव्ह निर्माण करणाऱ्या नळीच्या) लहरींनी इलेक्ट्रॉन तापतात, वायूचं आयनीभवन होतं. पण जितके इलेक्ट्रॉन एका दिशेने तितकेच उलट दिशेने धावत असतील, तर करंट शून्य. कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती आठवा. निम्म्यांनी पुढे आणि निम्म्यांनी मागे वल्हवलं तर पाणी घुसळेल, होडी हलणार नाही. म्हणून लोअर हायब्रिड लहरी (करंट चालवायला वापरतात त्या कमी वारंवारतेच्या लहरी) सोडताना शेजारशेजारच्या वेव्हगाइडमध्ये (लहरी वाहून नेणाऱ्या धातूच्या नळ्यांमध्ये) ठरावीक फेज-फरक ठेवतात. लहर एकाच दिशेने सरकते आणि जवळपास तिच्याच वेगाच्या इलेक्ट्रॉनांना रेटत नेते. ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ नॅथॅनियल फिश यांनी १९७८ मध्ये मांडली. नुसत्या गायरोट्रॉनवर करंट हवा असेल तर आधी उभं चुंबकीय क्षेत्र तपासा. ते थोडंसं लागतंच.

दुसरी चूक गणितातली. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन टेस्लाला २८ गिगाहर्ट्झ या वारंवारतेने फिरतात; लहरीची वारंवारता तिच्याशी जुळली की अनुनाद होतो, म्हणजे लहर शोषली जाते. परवाच एका वहीत ८२.६ गिगाहर्ट्झच्या लहरीसाठी पाहिलं: ८२.६ भागिले २८, उत्तर २.९५ टेस्ला, आणि खाली लाल शाईत, ‘एसएसटी-१ चालतं १.५ टेस्लावर, म्हणून ही लहर निरुपयोगी.’ (एसएसटी-१ म्हणजे गुजरातमधला भारतीय टोकामॅक.) भागाकार अचूक, निष्कर्ष चुकला. १.५ टेस्लाला दुसरी हार्मोनिक, म्हणजे त्या वारंवारतेची दुप्पट, जवळपास तिथेच जुळते. शिवाय क्षेत्र सगळीकडे सारखं नसतं; यंत्राच्या मधल्या अक्षापासून दूर जाल तसं ते कमी होतं. या यंत्राची मोठी त्रिज्या (अक्षापासून प्लाझ्माच्या मध्यापर्यंतचं अंतर) १.१ मीटर. ४२ गिगाहर्ट्झ वापरताना क्षेत्र १.५ ऐवजी १.४ टेस्ला ठेवलंत, तर अनुनादाची जागा सुमारे ७ सेंटिमीटर आत सरकते. प्लाझ्माच्या कड्याची स्वतःची त्रिज्याच २० सेंटिमीटर, तेव्हा हा फरक मुळीच किरकोळ नाही.

सोडलेली पॉवर प्लाझ्मात न शिरता परत येतेय? लगेच वाढवू नका, वेव्हगाइडमध्ये ठिणग्या उडतील. आधी घनता बघा. ३.७ गिगाहर्ट्झच्या लोअर हायब्रिड लहरीला अँटेनासमोर घन सेंटिमीटरला किमान १७ हजार कोटी इलेक्ट्रॉन लागतात. तेवढे नसतील तर ती आत शिरतच नाही, अँटेना प्लाझ्माजवळ न्यावी लागते. ४२ गिगाहर्ट्झच्या ओ-मोड लहरीचं (जिचं विद्युत क्षेत्र मुख्य चुंबकीय क्षेत्राला समांतर असतं) नेमकं उलट: घनता २२ लाख कोटींवर गेली की ती परत फिरते. लक्षण एकच, उपाय मात्र विरुद्ध.

आणि हे सगळं ठीक असूनही प्लाझ्मा पेटत नसेल, तर वायूचा दाब आणि भिंतींना चिकटलेली पाण्याची वाफ तपासा. भिंती नीट भाजून, ग्लो डिस्चार्जने (कमी दाबाच्या वायूतल्या मंद विद्युत विसर्जनाने) साफ करून मगच पुढचा शॉट, म्हणजे प्रयोगाची पुढची फेरी, घ्या.