जाहिरात, प्रसिद्धी, प्रचार: कुठे कोणता शब्द वापरावा

वर्तमानपत्रात जागा विकत घेऊन आपला मजकूर छापला की ती जाहिरात. तीच माहिती संपादकांनी बातमी म्हणून घेतली की ती प्रसिद्धी. बहुतेक घोळ इथेच होतो. जळगाव किंवा धुळ्याच्या वृत्तपत्र कार्यालयात 'आमच्या मेळाव्याची जाहिरात छापावी' असं लिहिलेला कागद दिला, तर तो जाहिरात विभागाकडे जातो आणि तुमच्या हाती दरपत्रक येतं. बातमी हवी असेल तर कागदाच्या माथ्यावर 'कृपया प्रसिद्धीसाठी' लिहा. जाहिरातच द्यायची असेल तर मापात बोला: रुंदी रकान्यांत, उंची सेंटिमीटरमध्ये. छोट्या जाहिरातीचे पैसे शब्दांवर किंवा ओळींवर लागतात. 'कळविण्यास अत्यंत आनंद होतो की' हे आधी काढा.

बातमीसाठी दिलेला कागद म्हणजे प्रसिद्धिपत्रक. 'प्रसिद्धी' एकटा असताना 'द्धी' दीर्घ. 'प्रसिद्धिपत्रक', 'प्रसिद्धिप्रमुख' अशा समासात ऱ्हस्व. दीडशे ते दोनशे शब्द पुरे. नेहमी येणारं वाक्य असं असतं: 'उद्या आपल्या गावी मान्यवरांच्या उपस्थितीत भव्य शेतकरी मेळाव्याचे आयोजन करण्यात आले आहे.' यात कामाचं काहीच नाही. 'उद्या' तर सरळ घात करतो: पत्रक आज दिलं, छापून उद्या आलं, म्हणजे वाचणाऱ्याचा 'उद्या' परवावर गेला. त्याऐवजी लिहा: 'केळीवरील करपा रोगाविषयी यावल येथे शनिवारी (ता. १४) सकाळी १० वाजता बाजार समितीच्या आवारात शेतकरी मेळावा होईल.' विषय, गाव, वार, तारीख, वेळ, जागा एका वाक्यात आलं. पाहुण्यांची नावं त्यानंतर. फोटो दिला तर 'डावीकडून' म्हणून क्रमाने नावं द्या, नाहीतर भलत्याच माणसाखाली भलतं नाव छापलं जातं.

प्रचार आणि प्रसार एक नव्हेत. लोकांचं मत आपल्याकडे वळवायचं तो प्रचार; एखादी गोष्ट नुसती पसरते किंवा पसरवली जाते तो प्रसार. रावेर-यावल पट्ट्यात करप्याचा प्रसार होतो, प्रचार नव्हे. उमेदवाराचा मात्र प्रचारच. लोकसभा-विधानसभेला मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद असतो, आणि प्रचारपत्रकावर मुद्रक व प्रकाशक दोघांचं नाव-पत्ता असावाच लागतो.

आता सर्वांत जास्त होणारी चूक. आवाहन म्हणजे विनंती, आव्हान म्हणजे ललकारी. 'रक्तदान करण्याचे आव्हान' असं फलकावर लिहिलं तर अर्थ कुस्तीच्या फडासारखा होतो. तहसीलदारांना मागण्यांचं देतो ते निवेदन. त्याला पत्रक म्हणू नये.

जाहीर नोटीस हा वेगळाच प्रकार. शेत घेण्याआधी वकिलामार्फत ती देतात, म्हणजे कुणाचा हक्क किंवा बोजा असेल तर तो मुदतीत हरकत घेईल. तिच्यात गाव, तालुका, गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, हरकतीची मुदत आणि वकिलाचा पत्ता हवा. गट नंबरातला एक आकडा चुकला की ज्या शेतासाठी पैसे मोजले त्याची नोटीस झालीच नाही. छापण्याआधी सातबारा समोर ठेवून प्रूफ वाचा.

काही शब्दांत नापसंती असते, ते स्वतःच्या कार्यक्रमाला लावू नका. गवगवा म्हणजे गरजेपेक्षा जास्त चर्चा. बोभाटा म्हणजे झाकून राहावं ते बाहेर फुटणं. डांगोरा पिटणं तर आता टोमणा म्हणूनच वापरतात. 'गाजावाजा न करता' मात्र कौतुकाचं. प्रसिद्ध, ख्यातनाम चांगल्यासाठी. कुप्रसिद्ध, कुख्यात वाईटासाठी. सारंगखेड्याचा घोडेबाजार प्रसिद्धच, पण 'जगप्रसिद्ध' हे विशेषण प्रत्येक यात्रेला चिकटवलं की त्याची किंमत जाते.

दवंडीत असा दोष नाही, ती साधी सूचना. आज ती रिक्षावरच्या भोंग्यातून होते. रिक्षा पुढे सरकत असते, त्यामुळे दारातल्या माणसाला मजकुराचा तुकडाच ऐकू येतो. म्हणून वाक्य छोटं ठेवा, जागा आणि वेळ दोनदा सांगा आणि चौकात रिक्षा थांबवून पूर्ण मजकूर ऐकवा. भोंग्यावर अहिराणीत बोललात तर खेड्यात लोक अधिक कान देतात. छापील पत्रक प्रमाण मराठीतच ठेवा.