बडोद्यात बसून समुद्राचे रीळ कसे निवडावे

बडोद्याहून समुद्रावर गळ टाकायला जाणारी मंडळी थोडी, पण आहेत. ओखामंडळ आणि कोडीनार एकेकाळी गायकवाडांच्याच राज्यात होते, तेव्हा खारे पाणी आपल्याला अगदीच परके नाही. गोड्या पाण्यातले हलके रीळ घेऊन ७० मीटर खोलीवरचा गोबरा ओढायला गेलात, तर मासा कपारीत शिरणार आणि तुम्ही हात चोळत बसणार. त्यासाठी दोन गिअरचे लिव्हर ड्रॅग रीळ हवे, म्हणजे ज्याचा ड्रॅग (मासा दोरी ओढतो तेव्हा तिला रोखणारा ब्रेक) लिव्हरने कमी-जास्त होतो असे. ते बहुधा पार्सलने येते, म्हणून निम्मी निवड मागवण्याआधी आणि निम्मी डबा उघडल्यावर करायची.

आधी दोरी, मग रीळ. ६०-८० मीटर पाण्यात तांबोशी-गोबऱ्यासाठी ५० पौंडी ब्रेड (अनेक धागे विणून केलेली दोरी) पुरते. ती ३०० मीटर मावेल असे स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळायची फिरकी, बघा. एवढी कशाला? ओढीमुळे दोरी तिरकी जाते, आणि खडकात अडकून ५० मीटर तुटली तरी उरलेली तळाला पोचली पाहिजे. माहितीपत्रकातला आकडा मोनोचा (एकाच जाड नायलॉन तंतूच्या दोरीचा) आहे की ब्रेडचा, तेही वाचा. ब्रेड बारीक असल्याने जास्त मावते. मात्र नुसत्या स्पूलवर ती घसरते, म्हणून खाली थोडी मोनो गुंडाळावी.

गिअरचा हिशेब कागदावर करा. समजा भरलेल्या स्पूलचा व्यास ६ सेंटीमीटर आहे. एका वेढ्यात साधारण १९ सेंटीमीटर दोरी येते. ६:१ गिअरवर हँडलच्या एका फेरीत स्पूलच्या सहा फेऱ्या, म्हणजे सव्वा मीटरला थोडी कमी, ३:१ वर त्याच्या निम्मी. नुसते शिसे (दोरी तळाला नेणारे वजन) वर काढायला वरचा गिअर बरा, नाहीतर दर वेळी आमिष बदलताना हात मोडतो. मासा लागला आणि हँडल फिरेना, की खालचा गिअर. दोन्ही आकड्यांत जवळपास दुपटीचा फरक नसेल, तर दुसऱ्या गिअरचे पैसे वाया.

आता ड्रॅग. इथेच बहुतेक जण फसतात. डब्यावर मोठ्या अक्षरात ‘१५ किलो ड्रॅग’ लिहिलेले असते आणि आपण खूश होतो. पण ५० पौंड म्हणजे जेमतेम २३ किलोची दोरी. तिच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा, म्हणजे ६ ते साडेसात किलो ड्रॅग लिव्हरच्या ‘स्ट्राइक’ खुणेवर, म्हणजे मासा लागताना ठेवायच्या जागी, लावायचा असतो. हलत्या बोटीवर उभे राहून तेवढा ताण धरणेही सोपे नाही. शिवाय दोरी बाहेर गेली की स्पूलचा घेर आक्रसतो आणि ताण आपोआप वाढतो. घेर निम्मा, तर ताण दुप्पट. म्हणून माझ्या मते कमाल आकडा दुय्यम. ७ किलोवर रीळ कसे वागते, ते महत्त्वाचे.

ते घरीच कळते. रीळ रॉडवर पक्के बसवा, दोरी कड्यांतून ओवून टोक भाजीवाल्याकडे असतो तसल्या स्प्रिंगच्या काट्याला बांधा. लिव्हर ‘स्ट्राइक’वर ठेवून दुसऱ्याला काटा सावकाश ओढायला सांगा. ताण कमी-जास्त करायची बारीक चकती फिरवण्याआधी लिव्हर दर वेळी ‘फ्री’वर (ड्रॅग पूर्ण सुटा) आणायची, दाबलेल्या ड्रॅगवर ती फिरवू नये. काटा ७ वर आला की तीन गोष्टी तपासा. दोरी झटके न देता सरकते का? लिव्हर ‘फ्री’वर आणल्यावर स्पूल मोकळे फिरते का? काही रिळांत ड्रॅग वाढवला की हा मोकळेपणाच जातो, मग शिसे तळाला पोचायला वेळ लागतो. आणि त्या ताणाखाली हँडल जड तर होत नाही ना? यातले एक जरी बिनसले, तर परत पाठवा.

बाकीचे झटपट. फ्रेम एकसंध ॲल्युमिनियमची असावी. स्पूल अरुंद बरे, कारण दोरी अंगठ्यानेच सारखी पसरावी लागते. हँडलची मूठ मोठी हवी. ही रिळे बहुतेक उजव्या हाताने फिरवायची असतात आणि हँडल बाजू बदलत नाही, त्यामुळे डावखुऱ्यांनी डावी आवृत्ती आहे का ते आधी विचारावे.

पहिली फेरी अष्टमीच्या आसपास, भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असण्याच्या दिवसांत काढा. खंभातच्या आखातात उधाणाला भावनगरकडे भरती-ओहोटीत १० मीटरच्या आसपास फरक पडतो. त्या ओढीत नवे रीळ समजून घेणे कठीण, बोट चालवणारा तांडेलही वैतागतो. परतल्यावर गोड्या पाण्याची मंद धार सोडा, पुसून सुकवा, आणि ठेवताना लिव्हर ‘फ्री’वरच असू द्या, म्हणजे ड्रॅगच्या चकत्या दबून राहत नाहीत.