मुलांना भाजी खायला घालायची तर आधी कापं करा

मुलं भाजी बघूनच तोंड वाकडं करत असतील तर कापांपासून सुरुवात करा. मासे तळतो तसंच करायचं, नीरफणस नायतर वांगं जाडसर चिरून मीठ हळद तिखट चोळायचं, १० मिनिटांनी रव्यात घोळवून तव्यावर थोड्या तेलात मंद आचेवर भाजायचं, घाई केली की बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं. गोव्यातल्या आगशी गावची वांगी मिळाली तर सोडूच नका, कापांना त्याच्यासारखं वांगं नाही.

आणि टायमिंग बघा प्लीज. मुलं खेळून भुकेली येतात ना तेव्हाच कापं पुढे ठेवायची, हुमण (माशाची आमटी) आणि भात नंतर. ताटात एकदम सगळं वाढलं की ती मासळीच उचलणार.

मग हळूहळू तांबडी भाजी (लाल माठ), अगदी बारीक चिरून, वरून ओलं खोबरं आणि लिंबू पिळून, लिंबामुळे भाजीतलं लोह अंगाला जास्त लागतं. भात गुलाबी होतो ते लहान मुलांना फार आवडतं.

नको म्हणाली तर जबरदस्ती नको, ओरडू पण नका. नवीन चव आवडायला ८-१० वेळा, कधी १५ वेळा सुद्धा चाखावी लागते, तेव्हा दर वेळी एक चमचाच वाढा आणि तुम्ही स्वतः त्यांच्यासमोर खा.